संगणक सुरू होईना

वळवाचे दिवस होते. संध्याकाळचे दूध घालून झाले होते. माणसे रिकाम्या किटल्या घेऊन घरी निघाली होती. एकाएकी आभाळ भरून आले. पलीकडच्या माळावर वीज कडाडली. दूध संस्थेतला दिवा एकदम मोठा झाला आणि विझला. अर्ध्या तासाने वीज परत आली. दिवा लागला, पंखा फिरला. संगणक मात्र सुरू झाला नाही.

गाव कोल्हापूर जिल्ह्यातले. संस्थेचे दोनशेच्या वर सभासद. कोणाचे दूध किती लिटर, फॅट किती, पशुखाद्याची पोती किती नेली, उचल किती घेतली, सगळे त्या संगणकात. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी निघते. वीज कडाडली ती १७ तारखेला. ११ ते २० चे बिल काढायला तीन दिवस उरले होते.

संस्थेच्या सेक्रेटरींना गावात सगळे अण्णा म्हणतात. दुसऱ्या दिवशी अण्णांनी संगणक मोटारसायकलवर बांधून तालुक्याला नेला. दुकानदाराने तपासला आणि सांगितले, "बोर्ड जळालाय. नवा घालावा लागेल."

बोर्ड म्हणजे काय, ते आधी पाहू. संगणकाचा पत्र्याचा डबा उघडला की आत एक मोठी पाटी दिसते. तिच्यावर बारीक बारीक भाग डाग देऊन बसवलेले असतात. ही पाटी म्हणजे मदरबोर्ड. गावात जशा सगळ्या वाटा चावडीपाशी येतात, तशा संगणकातल्या सगळ्या तारा बोर्डापाशी येतात. हिशेब करणारा प्रोसेसर याच पाटीवर बसतो. चालू काम ध्यानात ठेवणारी रॅमची पट्टी यावरच खोचतात. डब्यालाच आपण 'सीपीयू' म्हणतो, पण खरा सीपीयू म्हणजे हा प्रोसेसर. तो जेमतेम बिस्किटाएवढा असतो.

डिस्क मात्र वेगळी असते. ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली नसते, तारेने जोडलेली असते. आपला हिशेब राहतो तो डिस्कवर. बोर्ड ही चावडी, तर डिस्क हे दप्तर. चावडी पडली म्हणून दप्तर जळाले असे होत नाही. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

दुकानदाराने नव्या बोर्डाबरोबर नवा प्रोसेसर आणि नवी रॅमही दिली. अण्णा म्हणाले, "जुनी रॅम चांगली आहे की. ती कशापायी बदलायची?" दुकानदाराचे यात काही चुकले नव्हते. जुनी रॅम डीडीआर ३ जातीची होती. तिला २४० टोके असतात. नव्या बोर्डाला डीडीआर ४ लागते. तिला २८८ टोके. शिवाय पट्टीची खाच दोघींची वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. प्रोसेसरचेही तसेच. ज्या घराण्याचा बोर्ड, त्याच घराण्याचा प्रोसेसर लागतो.

दुकानात गर्दी होती. बसवून द्यायला चार दिवस लागतील म्हणाले. चार दिवस थांबायला वेळ कुठला? अण्णांच्या पुतण्याने रात्री घरीच बोर्ड बसवला. मोबाईलवर बघून बघून बसवला. पोरगा हुशार आहे. बटण दाबले. पंखा फिरू लागला. पण पडदा काळाच. पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

अण्णांनी दुकानात फोन लावला. तिकडून उत्तर आले, "आणून टाका. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू."

हे बोलणे चालू होते तेव्हा आबा तिथेच बसले होते. आबांचे वय सत्तर. दोन म्हशी आहेत. साठी उलटल्यावर ते वाचायला शिकले. आता दुधाची चिठ्ठी स्वतः वाचतात, आणि एक आकडा चुकला तरी परत येतात. आबांनी विचारले, "फॉरमॅट म्हंजे काय वो अण्णा?"

अण्णांना नीट सांगता येईना. दाराशी गावातलीच एक लेक उभी होती. तिने आयटीआयमध्ये संगणक दुरुस्तीचा कोर्स केला आहे. सध्या ती तालुक्याला कामाला जाते. माहेरी आली होती, आईचे दूध घालायला आली होती. ती म्हणाली, "फॉरमॅट म्हंजे पाटी पुसणं, आबा."

"आनि पाटीवर काय हाय?"

"आपला सगळ्यांचा हिशेब."

आबा उठून उभेच राहिले. "मग पुसायची न्हाई. अण्णा, दुसरीकडं नक्कल हाय का?"

नक्कल होती. पण ती तीन महिन्यांपूर्वीची. अण्णांनी मान खाली घातली. अण्णांना मी दोष देणार नाही. पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात असतो आणि दुधाच्या रांगेत माणसे उभी असतात. नक्कल उद्या घेऊ, असे कोण म्हणत नाही?

"ताई, तुला जमेल का बघायला?" अण्णा म्हणाले.

"बघते. पण घाई करायची नाही. आणि मी सांगेपर्यंत बटण कुणी दाबायचं नाही."

तिने पहिले काम संगणक सुरू करण्याचे केलेच नाही. भिंतीतली पिन काढली. मग संगणकाचे पुढचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरले. पिन काढली तरी आत थोडी वीज शिल्लक असते. बटण दाबले की ती निघून जाते. मग तिने डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला. आपल्या अंगावरही वीज साठते. थंडीत घोंगडी ओढताना चटचट आवाज येतो, तीच ही वीज. आपल्याला ती नुसती टोचते, पण बोर्डावरचा बारीक भाग तिने मरू शकतो. पत्र्याला हात लावला की ती उतरते.

डब्यात कोपऱ्यात एक चौकोनी पेटी असते. तिला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती बोर्डाला सोसेल एवढी बारीक करून देते. ही पेटी आपण कधीही खोलायची नाही. पिन काढल्यावरही तिच्या पोटात जीवघेणी वीज राहू शकते. बाकी डब्यात हात घालायला हरकत नाही, या पेटीत नाही.

मग तिने डिस्क सोडवली. आपल्या पिशवीतला लॅपटॉप काढला. डिस्क यूएसबीला जोडायची एक तार मिळते, ती तिच्याकडे होती. डिस्क लॅपटॉपला लावली. सगळे बघत राहिले. थोड्या वेळाने पडद्यावर पिवळ्या रंगाच्या फायलींची रांग आली. त्यात संस्थेच्या नावाची फाईल होती.

"हाय?" आबांनी विचारले.

"आहे, आबा. सतरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत आहे."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. तिने आधी ती सगळी फाईल नव्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. मग तीच फाईल लॅपटॉपवरही घेतली.

इथे थोडे थांबून दोन गोष्टी सांगतो, कारण इथेच पुष्कळांचे घोडे पेंड खाते. डिस्क अशी दुसऱ्या संगणकाला लावली आणि तिची लिपी त्याला कळली नाही, तर तो आपणहून विचारतो, 'ही डिस्क फॉरमॅट करू का?' अशा वेळी 'नाही' म्हणायचे. घाईत 'हो' दाबले की दप्तर गेले. दुसरी गोष्ट अशी. काही नव्या संगणकांत डिस्कला बिटलॉकर नावाचे कुलूप लावलेले असते. त्या कुलपाची खूण जुन्या बोर्डात राहते. बोर्ड बदलला की डिस्क ४८ आकडी किल्ली मागते. ही किल्ली ज्याने कुलूप लावले त्याच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात किंवा कागदावर ठेवलेली असते. किल्ली नाही तर डिस्क उघडत नाही. म्हणून बोर्ड बदलायच्या आधीच, संगणक चालू आहे तोवर, कुलूप आहे का ते बघून किल्ली लिहून ठेवावी. संस्थेच्या डिस्कला कुलूप नव्हते.

"मग आता बिल काढा की," आबा म्हणाले.

ते मात्र जमणार नव्हते. दप्तर हाती आले होते, पण ते वाचणारा प्रोग्रॅम त्या संगणकापुरताच घातलेला होता. लॅपटॉपवर तो चालत नव्हता. संगणक सुरू करणे भागच होते. फरक एवढाच की आता भीती उरली नव्हती. यापुढे काही बिघडले तरी हिशेब जाणार नव्हता.

आता ती मूळ दुखण्याकडे वळली. तिने पुतण्याला विचारले, "पंखा फिरतो ना? मग भिंतीपासून पेटीपर्यंत वीज येते. पुढच्या बटणाची तारही बरोबर लागली आहे. ती तार चुकली असती तर काहीच हललं नसतं."

बघा, अर्धे काम विचाराने होते. काहीच हलत नाही, पंखा फिरतो पण पडदा काळा, पंखा क्षणभर फिरून थांबतो, अशी ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. ताप आणि खोकला यांना एकच औषध देत नाहीत. काहीच हलत नसेल तर भिंतीतली पिन, पेटीच्या मागचे छोटे बटण आणि पुढच्या बटणाची बारीक तार बघायची. त्या बारीक तारेला दोनच भोके असतात. बोर्डावरच्या नेमक्या दोन टोकांवर ती बसवावी लागते, आणि शेजारी तसलीच आणखी टोके असतात. तिथे चूक होणे अगदी सोपे आहे.

पडदा काळा असेल तर पडद्याची तार पाहायची. ती तिने पाहिली. बरोबर जागी होती. मग तिने डब्यात वाकून बोर्डाचा वरचा कोपरा पाहिला आणि हसली.

"ही तार कोण लावणार?"

पेटीतून बोर्डाला विजेच्या दोन तारा जातात. एक मोठी, २४ भोकांची. ती सगळ्यांना दिसते. दुसरी छोटी, ४ किंवा ८ भोकांची. ती वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या शेजारी लागते. ती फक्त प्रोसेसरला वीज देते. ती राहिली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, पण हिशेब करणारा उपाशी. मग पडद्यावर येणार काय? नवा बोर्ड बसवताना ही तार राहणे ही फार नेहमीची चूक आहे. तिथे जागा अडचणीची असते आणि तार पत्र्याच्या मागे लोंबत राहते.

पुतण्या ओशाळला. तिने तार लावली. टक् असा आवाज आला. पिन भिंतीत घातली. बटण दाबले. पंखा गर्रकन फिरला आणि लगेच थांबला.

"आता तर आणिकच बिघडलं!" अण्णा म्हणाले.

"बिघडलं नाही. आता दुसरं दुखणं दिसायला लागलं."

सगळ्यांना हे पटेना. पण तिचे म्हणणे खरे होते. पंखा क्षणभर फिरून थांबतो याचा अर्थ, वीज कुठेतरी नको तिथे जाते आहे आणि पेटीने ते ओळखून स्वतःला बंद केले आहे. घरात तारेला तार लागली की फ्यूज उडतो, तसेच. प्रोसेसरची तार लागली नव्हती तोवर त्या भागात वीजच जात नव्हती, म्हणून हे दुखणे झाकलेले होते.

तिने पुन्हा पिन काढली. आता तिने बोर्ड डब्यातून बाहेर काढला. नव्या बोर्डाचे पुठ्ठ्याचे खोके होते, ते टेबलावर पालथे ठेवले. त्यावर बोर्ड ठेवला. पुठ्ठ्यातून वीज जात नाही. बोर्डावर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅम एवढेच ठेवले. विजेच्या दोन्ही तारा आणि पडद्याची तार लावली. बाकी सारे सोडवले. बटण तर डब्यात राहिले, मग सुरू कसे करायचे? बटणाच्या दोन टोकांना तिने स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले. बटण तरी दुसरे काय करते? ती दोन टोके जोडते. पण हे काम शिकलेल्या हातानेच करावे. टोक दुसऱ्या जागी टेकले तर बोर्ड जाईल.

पंखा फिरला. फिरतच राहिला.

"डब्यात चालत नाही आणि पुठ्ठ्यावर चालतो," ती म्हणाली. "मग दोष कशात?"

"डब्यात!" आबा म्हणाले. ते केव्हाच खुर्ची पुढे ओढून बसले होते.

रिकाम्या डब्यात तिने मोबाईलचा उजेड पाडला. बोर्ड डब्याच्या पत्र्याला टेकू नये म्हणून पत्र्यावर पितळेच्या छोट्या खुंट्या असतात. बोर्डाला भोके असतात. खुंटीवर भोक येते आणि त्यातून स्क्रू बसतो. जुना बोर्ड मोठा होता, त्याला नऊ खुंट्या. नवा बोर्ड लहान. त्याची भोके काही जागी वेगळी. पुतण्याने स्क्रू सगळे बरोबर लावले होते, पण एक जुनी खुंटी काढायची राहिली होती. तिच्यावर नव्या बोर्डाचे भोक येत नव्हते. ती बोर्डाच्या पाठीला टेकत होती, नेमकी प्रोसेसरच्या विजेच्या भागाखाली. बोर्डाच्या पाठीवर डागांचे टोकदार ठिपके असतात. त्यांना धातू टेकला की संपले.

एवढीशी खुंटी. आबांनी ती तळहातावर घेऊन पाहिली. "आनि ह्यापायी फॉरमॅट?" ते म्हणाले.

बोर्ड यात जळू शकला असता. पेटी चांगली होती आणि तिने वेळेवर वीज तोडली, म्हणून वाचला. स्वस्तातली पेटी घेणारांनी हे ध्यानात ठेवावे.

पण पडदा अजून काळाच होता. पंखा चालू, पडदा काळा. अण्णांनी कपाळाला हात लावला. तिने सांगितले, "थोडं थांबूया. नवी रॅम लावली की पहिल्या वेळी बोर्ड तिची तपासणी करतो. त्याला वेळ लागतो." हेही खरे आहे. हल्लीच्या डीडीआर ५ जातीच्या रॅमला तर पहिल्या वेळी कित्येक मिनिटे लागतात. तेवढ्यात लोक घाबरून बटण दाबतात आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते.

पाच मिनिटे झाली. काही आले नाही. तिने वीज काढली आणि रॅमच्या पट्टीकडे वळली. पट्टीच्या एका टोकाची खिटी लागली होती. दुसऱ्या टोकाची अर्धवट. तिने पट्टी काढली, खाच जुळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबली. एकदा टक्, दुसऱ्यांदा टक्. नव्या बोर्डावर रॅम बसवताना थोडा जोर लागतो. नवशिका भितो आणि अर्धवट सोडतो.

पुन्हा सुरू केले. या वेळी पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचे नाव उमटले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने मात्र लगेच बंद केले. जादा खुंटी काढली, बोर्ड डब्यात नीट बसवला, डिस्क जोडली. मग पुन्हा बटण दाबले.

कंपनीचे नाव आले आणि गेले. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ आली. तिने अर्थ सांगितला, "सुरू करायला डिस्क सापडत नाही, असं म्हणतोय."

"डिस्क तर लावलीया," पुतण्या म्हणाला.

इथेच दुकानदार फॉरमॅट मारणार होता. नवी विंडोज घातली की ही ओळ जाते, आणि सोपे पडते. पण दप्तरही जाते. तिने तसे केले नाही. संगणक सुरू होताना डिलीटचे बटण दाबत राहिली. बोर्डाचा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला बायोस म्हणतात. तो उघडला. त्यातल्या यादीत डिस्कचे नाव होते. म्हणजे तारा बरोबर होत्या. डिस्क दिसत होती, पण बोर्ड तिच्यावरून सुरू होत नव्हता.

असे का? डिस्कवर सुरुवात कुठून करायची, हे लिहायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत बायोसची, तिला लेगसी म्हणतात. नवी रीत यूईएफआय नावाची. मोडी जाणणाऱ्या माणसाच्या हाती बाळबोध कागद दिला तर तो वाचील, पण नुसते बाळबोध शिकलेल्याच्या हाती मोडी दिली तर तो परत करील. जुनी डिस्क जुन्या रीतीने लिहिलेली होती. नवा बोर्ड नव्या रीतीने वाचायला बसला होता. या बोर्डात जुनी रीत वाचायची सोय होती, पण ती बंद ठेवलेली होती. त्या सोयीचे नाव सीएसएम. तिने ती चालू केली.

सगळ्याच बोर्डांत ही सोय नसते. पुष्कळ नव्या बोर्डांतून ती काढून टाकली आहे. तिथे डिस्कच जुन्या रीतीतून नव्या रीतीत आणावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्ये २०१७ पासून एक साधन आहे. डिस्कवरचे काही न पुसता ते हे काम करते. तरी आधी नक्कल घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

बायोसमधून बाहेर पडायच्या आधी तिने एक गोष्ट पाहिली, जी माझ्या ध्यानातही आली नसती. तिने तारीख पाहिली. नव्या बोर्डाचे घड्याळ १ जानेवारी दाखवत होते. बोर्डावर रुपयाएवढी गोल बॅटरी असते. संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते. पण आधी कोणी तारीख घातलीच नसेल तर घड्याळ तरी काय करील? इंटरनेट जोडलेले असते तर विंडोजने तारीख आपोआप सुधारली असती. पण नव्या बोर्डाचे इंटरनेट अजून चालू व्हायचे होते. त्या तारखेवर संध्याकाळचे दूध भरले असते, तर सगळ्या गावाचे दूध जानेवारीत जमा झाले असते आणि बिलात आलेच नसते. तिने २० तारीख घातली.

मग विंडोज सुरू झाली. नवे भाग बघून थोडा वेळ चाचपडली, एकदा आपणहून बंद होऊन परत सुरू झाली. तिसऱ्या प्रहरी दूध संस्थेचा प्रोग्रॅम पडद्यावर उघडला. विंडोजने आपला परवाना पुन्हा मागितला. काही परवाने जुन्या बोर्डालाच बांधलेले असतात, ते नव्यावर चालत नाहीत. ते काम चार दिवसांनी केले तरी चालणार होते. एक मात्र अण्णांच्या कानावर तिने घातले. विंडोज १० ला कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून फुकटची सुधारणा बंद केली आहे. तेव्हा आज ना उद्या संस्थेला पुढची विंडोज घ्यावीच लागणार.

पाच वाजले. माणसे किटल्या घेऊन यायला लागली. १८, १९ आणि २० च्या सकाळचे दूध अण्णांनी वहीत लिहिले होते. ते पुतण्याने भराभर संगणकात भरले. सगळे झाले असे वाटले, आणि तेव्हा काट्याची तार हातात घेऊन अण्णा उभे राहिले.

"ही कुठं लावायची?"

दुधाचा वजनकाटा संगणकाला जोडलेला असतो. कॅन ठेवला की वजन आपोआप पडद्यावर येते. त्या तारेच्या टोकाला नऊ भोके असतात. जुन्या बोर्डाला तिच्यासाठी मागे जागा होती. नव्या बोर्डाला नव्हती. नवे बोर्ड ही जागा बहुधा देत नाहीत. बोर्ड विकत घेताना दुकानदाराने विचारले नाही आणि अण्णांना ठाऊक नव्हते. बोर्ड घ्यायला जाताना, संगणकाला मागे काय काय लावतो, त्या सगळ्या तारांचा मोबाईलवर फोटो काढून न्यावा. तेवढ्याने हा घोटाळा टळतो.

तिच्या पिशवीत यूएसबीचे एक जोडटोक होते. एका बाजूला नऊ टोके, दुसऱ्या बाजूला यूएसबी. ते लावले. वजन येईना. रांगेत कुजबुज सुरू झाली. तिने पाहिले, तर प्रोग्रॅम काट्याचा आवाज पहिल्या दारावर ऐकत होता आणि जोडटोकाला संगणकाने तिसरे दार दिले होते. या दारांना कॉम १, कॉम २, कॉम ३ असे आकडे असतात. तिने प्रोग्रॅममध्ये १ चा ३ केला.

पहिला कॅन आबांचा होता. आबांनी तो काट्यावर ठेवला. पडद्यावर आकडा आला. फॅट पाहून अण्णांनी तो हाताने भरला. चिठ्ठी छापून आली. आबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"तारीख वीस. बरोबर हाय. दूध सहा पूर्णांक चार. बरोबर हाय." मग त्यांनी मान वर केली. "अण्णा, गेल्या महिन्यातली माझी उचल दिसतीया का त्यात?"

अण्णांनी पाहिले. "दिसतीया आबा. दोन हजार."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. "मला वाटलं, तेवढी तरी पुसली आसंल," ते म्हणाले, आणि रिकामी किटली उचलून घराकडे निघाले.